चित्र पसंत पडलं, कार्ड चालेना
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रदर्शनांचा हंगाम तोंडावर आला की चित्रं फ्रेमवाल्याकडे जातात, आमंत्रणं छापली जातात, भिंतीचं माप घेतलं जातं. पैसे कसे घ्यायचे हा विचार मात्र बहुतेकांच्या मनात उद्घाटनाच्या आदल्या रात्री येतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी त्याबद्दलच होती, म्हणून हा अंक कार्डाच्या व्यवहारांना दिला आहे.

माझं पहिलं एकल प्रदर्शन मुंबईत भरतंय. २४ कॅनव्हास आहेत, किमती ८ हजारांपासून ८५ हजारांपर्यंत. यूपीआयचा क्यूआर आहेच. वर कार्डाचं मशीन घ्यायची खरंच गरज आहे का?
– चित्रकार, सांगली

८ हजारांची चित्रं क्यूआरवर आरामात विकली जातील. अडचण येते ती ४०-५० हजारांच्या पुढे. सर्वसाधारण खरेदीला यूपीआयवर दिवसाला १ लाखाची मर्यादा असते, आणि अनेकांनी फसवणुकीच्या भीतीने बँकेच्या अ‍ॅपमध्ये ती आणखी कमी करून ठेवलेली असते. त्यातच सकाळी कुणाला भाडं किंवा फी पाठवली असेल तर संध्याकाळी उरतं किती? फोन नुकताच बदलला असेल तर पहिले २४ तास ५ हजारांच्या वर पैसे जातच नाहीत.

दुसरं कारण गिऱ्हाइकाच्या सोयीचं. ८५ हजार आज खात्यातून जाणं आणि पुढच्या महिन्याच्या बिलात येणं यात घर चालवणाऱ्या माणसाला मोठा फरक वाटतो. नंतर तीच रक्कम बँकेकडून हप्त्यांत पाडून घेता येते. चित्र ही काही किराण्यासारखी अडलेली गरज नाही. नवरा-बायको चित्रासमोर उभे असतात, दोघांचं एकमत होतं, ती पाच मिनिटंच तुमची. ‘घरी गेल्यावर पाठवतो’ म्हणून निघालेल्यांपैकी बरेच जण पुन्हा फोन करत नाहीत, आणि त्यात त्यांचा वाईट हेतूही नसतो.

तेव्हा ८५ हजारांची चित्रं भिंतीवर असतील तर कार्ड घेण्याची सोय हवीच. मार्ग तीन आहेत. पहिला, बँकेकडून किंवा पेमेंट कंपनीकडून भाड्याने मिळणारं स्वाइप मशीन. दुसरा, तुमचा अँड्रॉइड फोनच मशीन म्हणून वापरणं. त्यासाठी फोनमध्ये एनएफसी, म्हणजे जवळ आणलेलं कार्ड न खुपसता वाचण्याची सोय, लागते आणि ग्राहक कार्ड फोनच्या पाठीला टेकवतो. तिसरा, ग्राहकाच्या मोबाइलवर पाठवलेली पेमेंट लिंक. एका आठवड्याच्या प्रदर्शनासाठी फोनचा मार्ग स्वस्त पडतो, पण तो फक्त टॅप होणारी कार्डं घेतो. चिप खुपसून चालणारं कार्ड आलं की तिथे हात टेकावे लागतात. म्हणून मशीन मुख्य ठेवा आणि लिंक अडीनडीला.

एक गोष्ट राहते. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर ते क्यूआरवरही चालतं, पण क्यूआर व्यापारी खात्याचा असला तरच. तुमच्या वैयक्तिक नंबरचा क्यूआर लावलात तर ग्राहकाच्या फोनवर क्रेडिट कार्डाचा पर्याय येणारच नाही, आणि तो समजेल की तुम्ही कार्ड घेत नाही.

मशीनसाठी अर्ज कधी करावा? कागदपत्रं काय लागतात?
– शिल्पकार, कोल्हापूर

उद्घाटनाच्या आधी निदान ३ आठवडे. पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि व्यवसायाचा पुरावा लागतो. दुकान नसलेल्या कलाकाराला उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सोयीची पडते. ती ऑनलाइन होते आणि सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. काही बँका चालू खात्याचा आग्रह धरतात, हे आधीच विचारून घ्या.

आता अर्जातल्या दोन रकान्यांकडे नीट लक्ष द्या, कारण पुढची निम्मी डोकेदुखी तिथूनच निघते. पहिला रकाना व्यवसायाच्या प्रकाराचा. कार्ड कंपन्या प्रत्येक धंद्याला चार आकडी कोड देतात. चित्रविक्रेते आणि कलादालनांचा कोड ५९७१, रंग-ब्रश विकणाऱ्या दुकानाचा ५९७०. अर्ज भरून घेणारा प्रतिनिधी घाईत ‘किरकोळ विक्री’ म्हणून भलताच कोड टाकतो. कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्या.

दुसरा रकाना एका व्यवहाराची सरासरी आणि कमाल रक्कम किती, हा. बरेच जण संकोचाने २-३ हजार लिहितात. मग चौथ्या दिवशी ८५ हजारांचं कार्ड घासलं जातं आणि बँकेच्या जोखीम विभागाची यंत्रणा ते पैसे रोखून धरते. नवं खातं, छोटा धंदा, एकदम मोठी रक्कम: चोरीच्या कार्डाचा व्यवहारही असाच दिसतो. किंवा मशीनवरच रकमेची मर्यादा लावलेली असते आणि व्यवहार नाकारला जातो. तुमचं सर्वांत महाग चित्र असेल त्याहून थोडी जास्त रक्कम कमाल म्हणून लिहा आणि प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका व किमतींची यादी अर्जासोबत जोडा. तरीही पैसे अडकले, तर बिल, चित्राचा फोटो आणि ग्राहकाची पोच हे तीन कागद त्याच दिवशी मेलवर पाठवले की ते लवकर सुटण्याची शक्यता वाढते.

मशीन हातात आलं की घरी १० रुपयांचा व्यवहार स्वतःच्या कार्डावर करून बघा, आणि दुसऱ्या कामाच्या दिवशी पैसे खात्यात आले का ते तपासा. मशीन चालतंय पण खाते क्रमांकातला एक आकडा चुकलाय, हे प्रदर्शन संपल्यावर कळण्यात काही अर्थ नाही.

कार्डावर २ टक्के जातात असं ऐकतो. ते ग्राहकाकडून वेगळे घेतले तर चालतात का?
– चित्रकार, नाशिक

वेगळे घेऊ नका. डेबिट कार्डावर असं शुल्क ग्राहकावर टाकायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे आणि क्रेडिट कार्डाच्या बाबतीत तुमच्या बँकेशी झालेला करारच ते अडवतो. ग्राहकाने तक्रार केली तर मशीन बंद होऊ शकतं.

खरा हिशेब बघा. क्रेडिट कार्डावर शुल्काला सरकारी कमाल मर्यादा नाही. साधारण दीड ते अडीच टक्के लागतात आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. ८५ हजारांचं चित्र, शुल्क २ टक्के धरलं तर १,७०० रुपये, त्यावर ३०६ जीएसटी. हातात येतात ८२,९९४. डेबिट कार्डाचं गणित फार निराळं आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या छोट्या व्यापाऱ्याला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि तेही एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही. म्हणजे त्याच चित्राला २०० रुपये अधिक जीएसटी. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून शुल्क शून्य आहे.

मोठी रक्कम असेल तेव्हा ‘डेबिट असेल तर बरं’ असं नम्रपणे म्हणायला हरकत नाही, पण एकदाच म्हणा. ज्याला क्रेडिटच वापरायचंय त्याला दोनदा टोकलं की तो उखडतो, आणि २ हजार वाचवायला जाऊन ८५ हजार हातचे जातात. किंमत ठरवतानाच हे शुल्क धरून चाला, जसं फ्रेमिंग आणि टेम्पोचं भाडं धरता.

काळा घोडा महोत्सवात गेल्या वर्षी शनिवारी संध्याकाळी मशीन नुसतं ‘कनेक्टिंग’ दाखवत राहिलं. फोनला रेंज पूर्ण होती. असं का झालं?
– कलाकारांचा गट, ठाणे

रेंजच्या दांड्या म्हणजे टॉवर जवळ आहे, एवढंच. रॅम्पार्ट रोवर शनिवार-रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते आणि प्रत्येक जण व्हिडिओ पाठवत असतो. टॉवरवरचा डेटा तुंबतो. मशीन बँकेशी बोलायला जातं, ठरावीक सेकंद वाट बघतं आणि सोडून देतं.

उपाय असा. मशीनमधलं सिम एका कंपनीचं, तर तुमचा फोन दुसऱ्या कंपनीचा ठेवा. फोनचा हॉटस्पॉट सुरू करून मशीन त्याला वायफायने जोडा, आणि हे काम घरी करा. मशीनच्या आकड्यांच्या बटणांवर एकेक अक्षर तीनदा-चारदा दाबून पासवर्ड टाकावा लागतो. समोर ग्राहक ताटकळत असताना ते जमत नाही. हॉटस्पॉटचा पासवर्ड नुसत्या आकड्यांचा ठेवा, पण १२३४५६७८ नको. बरीच मशीन फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात. फोन ५ वर असेल तर हॉटस्पॉटचं नाव मशीनच्या यादीत येतच नाही. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये जाऊन ते २.४ करा, आयफोनमध्ये ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करा.

नेटवर्क शोधत राहिलेलं मशीन बॅटरी झपाट्याने खातं. रस्त्यावरच्या स्टॉलवर १० हजार एमएएचची पॉवर बँक आणि मशीनला बसणारी केबल लागतेच. केबल मशीनसोबत आलेलीच घ्या.

सगळंच बंद पडलं तर ग्राहकाच्या कार्डाचा नंबर कागदावर उतरवून घेऊ नका किंवा कार्डाचा फोटो काढू नका. तो कागद हरवला तर जबाबदारी तुमच्यावर येते, आणि नुसत्या नंबरावर तुम्हाला पैसे मिळणारही नाहीत. त्यापेक्षा जमेल तेवढी रक्कम रोख टोकन म्हणून घ्या, पावती द्या, चित्रावर ‘विकलं गेलं’ या खुणेची लाल टिकली लावा आणि गर्दी ओसरल्यावर लिंक पाठवा.

मशीनवर वेगवेगळे आकडे येतात आणि व्यवहार नाकारला जातो. ग्राहकाला काय सांगायचं कळत नाही.
– कलादालनातील सहायक, पुणे

हे आकडे पाठ करा, कारण समोरच्याची लाज राखण्याचं काम तुमचं आहे. ५१ म्हणजे खात्यात किंवा कार्डावर पुरेशी रक्कम नाही. हे मोठ्याने कधीही बोलू नका. ‘बँकेकडून उत्तर येत नाहीये, दुसरं कार्ड बघू या का?’ एवढंच म्हणा. ५५ म्हणजे पिन चुकला. ७५ म्हणजे जास्त वेळा चुकला, आता ते कार्ड आज चालणार नाही. ५४ म्हणजे मुदत संपलेलं कार्ड. ६१ म्हणजे ग्राहकाने स्वतः लावलेली रकमेची मर्यादा ओलांडली जातेय. ती तो बँकेच्या अ‍ॅपमध्ये तिथल्या तिथे वाढवू शकतो, दोन मिनिटांचं काम. ५७ म्हणजे या प्रकारचा व्यवहार त्या कार्डावर सुरूच केलेला नाही. तेही अ‍ॅपमधून सुरू होतं. ९१ म्हणजे ग्राहकाची बँक उत्तर देत नाही, ५ मिनिटं थांबून पुन्हा करा.

०५ सगळ्यांत त्रासाचा, कारण बँक कारणच सांगत नाही. बऱ्याचदा नेहमीच्या सवयीपेक्षा मोठी रक्कम बघून बँकेने थांबवलेलं असतं. ग्राहकाच्या फोनवर ‘हा व्यवहार तुम्हीच करताय का’ असा मेसेज आला का ते बघायला सांगा. तेच कार्ड चार-पाच वेळा घासत बसू नका, त्याने कार्ड पूर्ण बंद पडण्याची शक्यता वाढते.

टॅप केलं तर कधी होतं, कधी होत नाही.
– मातीकाम कलाकार, अलिबाग

५ हजारांपर्यंत टॅप पिनशिवाय होतं, त्याच्या वर पिन लागतोच. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर टॅपची सोय ग्राहकाने स्वतः चालू करावी लागते. अनेकांनी ती केलेलीच नसते, त्यांचं कार्ड चिपच्या बाजूने खुपसा. फोनवर टॅप घेत असाल तर जाड किंवा धातूचं कव्हर काढा. कार्ड फोनच्या पाठीवर वरच्या भागात सपाट टेकवून दोन सेकंद स्थिर धरायला सांगा. लोक घाईने हलवतात, आणि तिथेच वाचन तुटतं.

ग्राहकाचे पैसे गेले, मेसेज आला, पण आमच्या मशीनने स्लिप दिली नाही. चित्र द्यावं का?
– चित्रकार, औरंगाबाद रस्ता, अहिल्यानगर

लगेच देऊ नका, आणि ग्राहकावर संशयही घेऊ नका. त्याचे पैसे खरंच गेलेले असतात, फक्त तुमच्यापर्यंत पोचलेले नसतात. मशीनमध्ये शेवटच्या व्यवहाराची स्थिती दाखवणारा पर्याय असतो, आधी तो बघा. तिथे यशस्वी दिसलं तर स्लिपची दुसरी प्रत काढा आणि चित्र द्या. नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप त्याच्या खात्यात परत जायला हवेत, नाहीतर त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई त्याच्या बँकेने द्यायची आहे. हे त्याला शांतपणे सांगा आणि मशीनवर दिसणारा व्यवहार क्रमांक लिहून द्या. घाबरलेला माणूस त्या चिठ्ठीने निवळतो.

यूपीआयच्या बाबतीत ग्राहकाच्या फोनवरचा हिरवा पडदा हा पुरावा धरू नका. हुबेहूब तसा पडदा दाखवणारी खोटी अ‍ॅप आहेत. साउंडबॉक्सचा आवाज किंवा तुमच्या स्वतःच्या अ‍ॅपमधली नोंद, या दोनच गोष्टी खऱ्या.

विकलेली चित्रं प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरच राहतात. पैसे आधी कार्डाने घेतले आणि ग्राहकाने नंतर बँकेत तक्रार केली तर?
– चित्रकार दांपत्य, डोंबिवली

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि खरं नुकसान इथेच होतं. पहिल्या दिवशी लाल टिकली लागते, चित्र आठवड्याने खाली उतरतं, मग पॅकिंग, मग कुरिअर. घरी पोचेपर्यंत १५-२० दिवस जातात. ‘वस्तू मिळाली नाही’ किंवा ‘सांगितलं तशी नाही’ अशी तक्रार कार्डधारक साधारण १२० दिवसांपर्यंत करू शकतो. तक्रार आली की बँक आधी तुमच्या खात्यातून रक्कम वळती करते आणि मग पुरावा मागते. उत्तराला मोजकेच दिवस असतात.

म्हणून कागद आधीच तयार हवेत. बिलावर चित्राचं नाव, माध्यम, लांबी-रुंदी इंचांत, फ्रेमसह की विनाफ्रेम, आणि ‘चित्र अमुक तारखेनंतर देण्यात येईल’ ही ओळ. त्या ओळीखाली ग्राहकाची सही. चित्रासमोर ग्राहकाचा फोटो त्याची परवानगी घेऊन काढा. लोक आनंदाने उभे राहतात, आणि हाच फोटो पुढे उत्तम पुरावा ठरतो. चित्र सोपवताना पोचपावतीवर पुन्हा सही घ्या. कुरिअरने पाठवत असाल तर पॅक करण्याआधी चारही कोपऱ्यांचे आणि मागच्या बाजूचे फोटो काढा. मशीनची स्लिप थर्मल कागदाची असते, उन्हात आणि प्लास्टिकच्या पाकिटात तिची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात. त्याच दिवशी फोटो काढून बिलासोबत ठेवा.

मोठ्या चित्राला निम्मी रक्कम आता आणि निम्मी चित्र नेताना, ही पद्धत दोघांनाही सोयीची. ग्राहकाचा विचार त्याच दिवशी बदलला तर ‘व्हॉइड’ करा. व्यवहार पूर्ण रद्द होतो आणि शुल्कही कापलं जात नाही. दिवसाचा हिशेब बंद झाला की मग फक्त ‘रिफंड’ उरतो. त्याला काही दिवस लागतात आणि बऱ्याच करारांत कापलेलं शुल्क तुम्हाला परत मिळत नाही.

पैसे परत करायचे तर ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर. हे फार महत्त्वाचं आहे. ‘मी ६० हजारांऐवजी ८० हजार कार्डाने भरतो, वरचे २० हजार माझ्या वाहतूकवाल्याला यूपीआयने पाठवा’ असा मेल आला तर तो सापळा समजा. कार्ड चोरीचं असतं. ८० हजार बँक परत घेऊन जाते आणि तुमचे २० हजार गेलेले असतात. असा गिऱ्हाईक चित्राचं मापही विचारत नाही, त्यावरूनच तो ओळखू येतो.

परदेशी पर्यटकांची कार्डं चालतात का?
– चित्रकार, म्हापसा

बँकेने तुमच्या मशीनवर परदेशी कार्डं सुरू केली असतील तर चालतात. अर्जाच्या वेळीच मागून घ्या, शुल्क जास्त लागतं. अशा कार्डांना अनेकदा पिन लागत नाही, तेव्हा स्लिपवर सही घ्या आणि कार्डामागची सही ताडून बघा. मशीनने ‘रुपये की तुमचं चलन’ असं विचारलं तर निवड ग्राहकाला करू द्या, तुम्ही बटण दाबू नका. त्याच्या चलनात बहुधा दर महाग पडतो आणि घरी गेल्यावर तो तुम्हालाच दोष देतो.

कार्डाने पैसे घेतले की जीएसटी लावावाच लागतो का?
– हौशी चित्रकार, सोलापूर

पैसे कसे घेतले यावर ते अवलंबून नाही. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला, राज्यातल्या राज्यात, वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावताच येत नाही. नोंदणी असेल तर पूर्णपणे हाताने केलेल्या चित्रांना आणि मूळ शिल्पांना २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के दर आहे, आधी १२ होता. डिजिटल प्रिंट यात बसत नाहीत. परराज्यात प्रदर्शन असेल तर नियम बदलतात, जाण्याआधी सीएला विचारा. आणि ग्राहक रोख देतो म्हणाला तरी एकाच व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला होतो.

नवीन कागदाचा रोल घातला, मशीन चालतंय, पण स्लिप कोरीच येते.
– बचतगट, वाई

रोल उलटा बसलाय. थर्मल कागदाच्या एकाच बाजूला लेप असतो. नखाने दोन्ही बाजूंना जोरात ओरखडा काढा, ज्या बाजूला काळी रेघ उमटेल ती छपाईच्या डोक्याकडे यायला हवी. रुंदी ५७ मिमीची घ्या, आणि जाड रोल झाकणात बसत नाही म्हणून दाबून झाकण लावू नका, कडी तुटते. थोडा कागद उलगडून टाका आणि मग बसवा. आठवड्याच्या प्रदर्शनाला ४ रोल पुरतात.